बेडकीची सोयरीक

श्रावण अर्धा सरला तरी निमखेड्यावर ढग नुसते येऊन, बघून जात होते. तेव्हा तात्यासाहेबांनी मारुतीच्या पारावर जाहीर केलं की गावानं बेडकाचं लग्न लावायचं, आणि वरबाप ते स्वतः होणार.

मागच्या खेपेला गाढवाचं लावलं होतं. त्या नवरदेवानं मंगलाष्टका चालू असतानाच भटजीच्या मांडीवर लाथ घातली, आणि पाऊस आला तो थेट दिवाळीत, वेचायला आलेला कापूस भिजवायला. म्हणून या वर्षी जनावर बदललं.

तात्यासाहेब घरी पोचायच्या आत ही बातमी त्यांच्या बायकोपर्यंत पोचली होती. सारजाबाई गावालगतच्या मळ्यातल्या घराच्या ओसरीवर बाजरी पाखडत बसली होती.

"व्हय का? मंग मी वरमाय झाले की," ती म्हणाली, आणि सूप बाजूला ठेवून पेटीतलं हिरवं लुगडं उन्हात टाकायला उठली.

तिची हौस खोटी नव्हती. एकुलत्या एका पोराचं, विश्वजीतचं लग्न शहरातल्या लॉनवर झालं होतं. तिथं मांडवापासून जिलेबीपर्यंत सगळंच कंत्राटात. सारजाबाईला काम एकच, नेसून बसायचं. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत, कुणाच्या रुखवताला नाक मुरडायचीसुद्धा सोय नाही. त्या लग्नाची भूक तिच्या पोटात तशीच राहिली होती.

पण लग्नाला नवरा-नवरी लागतात, आणि गावात बेडूकच सापडेना. सगळं निमखेडं दोन दिवस वाकून चालत होतं. हौदाच्या मागं, नळाच्या चिखलात, रस्त्याखालच्या मोरीत, सगळीकडं बघून झालं. साप धरण्यात पटाईत असलेला सांडू शेवटी एक बेडूक घेऊन आला, पण तो ट्रॅक्टरखाली आलेला आणि उन्हानं पापडासारखा वाळलेला.

"ह्ये नवरदेवाचं काम नाय," सारजाबाई म्हणाली. "ह्ये रुखवतात ठेवा."

विश्वजीतचं पाचोडला कृषी सेवा केंद्र होतं. खतं, फवारणीची औषधं, तणनाशक, सगळं मिळायचं. तो दुकान बंद करून आला आणि बापापुढं मोबाइल धरत म्हणाला, "दादा, ऑनलाइन रबराचा मिळतो. दाबला की ओरडतो बी."

"आन् पाऊस? त्यो बी रबराचा पाडायचा का?" तात्यासाहेब कडाडले.

त्याच दिवशी दिवेलागणीला सगळे पारावर तोंड पाडून बसले असताना ओढ्याच्या पल्याडून आवाज आला. डरांव. मग दुसरा. मग असा गलका उठला की जणू तिकडं पंगतच बसलीय. साऱ्यांनी माना वर केल्या, आणि मग हळूच तात्यासाहेबांकडं पाहिलं. कारण तो आवाज यमुनाबाईच्या डबक्यातून येत होता.

यमुनाबाई कुलकर्णी म्हणजे जन्मभर शहरात, मुकुंदवाडीत वधूवर सूचक केंद्र चालवलेली बाई. नवरा वारल्यावर तिनं शहरातला फ्लॅट मुलाला दिला आणि सासऱ्याच्या वाटणीच्या जमिनीवर दोन खोल्या बांधून राहायला आली. जमीन चिबड, म्हणजे सखल आणि कायम ओल धरणारी. चर खणून पाणी काढून द्या, भर घाला, सपाट करा, असं जो तो सांगून थकला. तिनं मधला खळगा जसाच्या तसा ठेवला. त्यात लव्हाळं माजलं, बगळे उतरायला लागले. भोवतीच्या उंचवट्यावर तिनं बाजरीत तूर पेरली, ओलीच्या कडेला अळू लावलं. 'काकूचं डबकं' हा गावाच्या चेष्टेचा विषय झाला. डास होतात म्हणून ते बुजवावं, असा ठराव तात्यासाहेबांनी ग्रामसभेत मांडला होता. तेव्हा ती उभी राहून म्हणाली होती, "डास जन्माला माझ्याकडे येतात आणि चावायला तेवढे तात्यासाहेबांकडे जातात, हे कसं?" ठराव हसण्यावारी गेला, तो तात्यासाहेबांच्या मनात मात्र सलत राहिला.

आणि आता गावातल्या बाजरीची पानं उन्हानं सुरळी झालेली असताना यमुनाबाईची बाजरी कमरेला लागली होती.

त्या बाईपुढं हात पसरायचा? तात्यासाहेबांनी विश्वजीतला घरी नेऊन त्याच्या कानात काही सांगितलं. सारजाबाई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.

विश्वजीत पिशवी घेऊन गेला. पुरता अंधार पडायच्या आत एक बेडकी धरून परतायचं, एवढंच काम. पण चिबड जमिनीला कोण सावध आणि कोण चोर ते बरोबर कळतं. तिसऱ्याच पावलाला तो गुडघ्यापर्यंत रुतला, आणि हलायला गेला तसा आणखी रुतला. बेडकं चहूबाजूंनी ओरडत होती. शेवटी यमुनाबाई कंदील घेऊन आली, तिनं शिडी आडवी टाकली आणि त्याला बाहेर ओढला. हातपाय धुवायला पाणी दिलं, आल्याचा चहा पाजला.

"मुलगी पळवून नेतोस होय रे?" ती शांतपणे म्हणाली. "माझ्याकडून आजवर एकही मुलगी अशी गेलेली नाही. वडिलांना सांग, सोयरीक करायची तर रीतसर या."

विश्वजीत एका पायात बूट घालून घरी आला. दुसरा चिखलात राहिला होता.

सकाळी सारजाबाई बूट आणण्याच्या निमित्तानं ताकाचा तांब्या घेऊन यमुनाबाईकडं गेली. बूट धुऊन कुंपणाच्या खुंटावर पालथा घातला होता.

"सारजा, तुझा मुलगा चोरीला बूट घालून येतो. काही शिकवलंस की नाही?"

"बापावर गेलाय, काकू. कुठलंबी काम थाटात करायचं." सारजाबाई बाजेवर टेकली. "द्या की एखादी बेडकी. न्हाई तर ह्यांची पारावर शोभा व्हईल."

"देते की. नाही कुठं म्हणतेय? पण स्थळ बघितल्याशिवाय मी कधी मुलगी दिलेली नाही."

सारजाबाई ताक ओतायला वाकली होती, ती तशीच थांबली. समोर बाजरी वाऱ्यानं डुलत होती. अळूची पानं सुपाएवढी झाली होती. तिला आपल्या विहिरीवरचा खड्डा आठवला.

विहिरीच्या वरच्या अंगाला पूर्वी भला मोठा खड्डा होता. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यात शिरायचं, दमानं मुरायचं, आणि विहीर होळीपर्यंत साथ द्यायची. खड्ड्याच्या काठावर सारजाबाईचं अळू, तांदुळजा, घोळ, दोन वेलीची दोडकी. तात्यासाहेबांनी तो खड्डा बुजवला आणि त्यावर मोसंबीची आणखी एक ओळ लावली. त्याच्या बदल्यात खालच्या अंगाला प्लास्टिकचा कागद अंथरून शेततळं केलं. "पाणी कागदात ठिवायचं. मातीला फुकट कशापायी पाजायचं?" हा त्यांचा सिद्धांत. आता पाऊस येतो तो असा की एक तर महिना-महिना तोंड दाखवत नाही, नाही तर एका दुपारी सगळा ओतून मोकळा होतो. ओतलेलं वाहून जातं. विहीर आटली तसं शेततळ्यात भरायला पाणी उरलं नाही. मोसंबी हिरवीच गळून पडायला लागली, आणि शेतकऱ्याच्या घरात भाजी पाचोडच्या बाजारातून यायला लागली. सारजाबाईनं हे तात्यासाहेबांना सांगून पाहिलं होतं. गोडीनं सांगितलं, रागानं सांगितलं, न बोलूनही सांगितलं.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मुलीकडली माणसं मुलाचं घर बघाया येत्यात का नाय?"

"आधी घर बघतात, मग मुलगा."

"मंग आमच्या घराला एक खोट हाय. विहिरीपाशी. तुमच्या नजरंत आली पायजे."

यमुनाबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. मग दोघी अशा हसल्या की डबक्यावरचे बगळे उठून ओढ्याकडं गेले.

बैठक गुरुवारी बसली. तात्यासाहेब फेटा बांधून, नारळ घेऊन, चार वडीलधारे बरोबर घेऊन आले. यमुनाबाईनं सतरंजी घातली, पोहे केले.

"मुलगी पोहे घेऊन यायची नाही," ती म्हणाली. "लाजते."

"अपेक्षा सांगा," तात्यासाहेब दात आवळून म्हणाले.

"एकच आहे. नोकरीवाला नको. पुणे-मुंबईवाला तर नकोच. मुलगी शेतकऱ्याच्याच घरात द्यायची."

बरोबर आलेल्या चौघांच्याही घरात लग्नाची पोरं होती, आणि शेती करतो म्हटल्यावर स्थळं परत फिरत होती. एका म्हाताऱ्यानं डोळे टिपले. "असं म्हणणारी मुलीकडची माणसं या जन्मी दिसतील असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला. त्या घडीपासून ते चौघंही यमुनाबाईच्या बाजूला गेले.

"नवरदेव बी तुमच्याच डबक्यातला द्या," तात्यासाहेब म्हणाले. "म्हंजी एकदाचं उरकलं."

"एकाच डबक्यातले?" यमुनाबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, देवक एक! भाऊबहीण लागतील."

देवक एक निघालं म्हणून तात्यासाहेबांनी स्वतः सख्ख्या पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि ते सतरंजीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"त्याचं काय नाय," सारजाबाई म्हणाली. "माझं माहेर सोयगावकडलं. तिकडं डोंगर हाय, झरे हायेत. माझ्या भावाला, कडुबाला सांगते. नवरदेव मामाच्या गावाहून यील."

राहता राहिलं सासर बघणं. यमुनाबाई छत्री घेऊन शेतावर आली, मागून निम्मं गाव आलं. तात्यासाहेबांनी तिला मोठ्या ऐटीत शेततळ्यापाशी नेलं. तळाशी वितभर हिरवं पाणी होतं, आणि बाकी सगळा काळा कागद उन्हात तव्यासारखा तापला होता. तिनं छत्रीचं टोक कागदावरून फिरवलं. कर्र आवाज झाला.

"माझी पोर इथं पडली तर वर कशी यायची? ही घसरगुंडी आहे. इथं ओल कुठंय, सावली कुठंय? अंडी कुठं घालायची तिनं?"

"बाई, बेडकीच हाय ती," तात्यासाहेब कुरकुरले.

"काल सून होती. लग्नाआधीच बेडकी झाली?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सारजाबाई मात्र गंभीर चेहऱ्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "पयले हितं एक जागा होती," ती कुणाला सांगत नसल्यासारखी बोलली. "विहिरीच्या वर. लई ओल असायची. आता काय उपयोग म्हना बोलून."

"कुठं, बघू?" यमुनाबाई वळलीसुद्धा.

बुजवलेल्या जागेवरची मोसंबी पिवळी पडून उभी होती. पारावरचे म्हातारे म्हणाले, व्हय, इथंच होता, आम्ही पोहलोय त्यात. यमुनाबाई म्हणाली, इथं घर होणार असेल तर मुलगी देते. तात्यासाहेबांनी बायकोकडं पाहिलं. सारजाबाई आभाळाकडं पाहत होती.

"आणि दीर काय करतो?" यमुनाबाईनं विचारलं.

"माझं कृषी सेवा केंद्र हाय," विश्वजीत म्हणाला. "औषधं विकतो. किडीची, तणाची."

"आणि माझी मुलगी जेवते काय?"

"किडेच की!" सांडू मागून ओरडला.

"म्हणजे भावजयीच्या ताटात दीर विष कालवणार."

ओढ्यापासून खड्ड्यापर्यंतच्या पट्ट्यात आणि बांधावर कसलंही औषध मारायचं नाही, असं तिथंच ठरलं. "आई, माझा धंदा हाय त्यो," विश्वजीत रडकुंडीला आला. "आमच्याच शेतात मारलं नाय तर गिऱ्हाइकाला काय सांगू?"

"सांग, घरात सून आलीया," सारजाबाई म्हणाली.

जेसीबी आला. मोसंबीची ती ओळ निघाली, खड्डा मोकळा झाला, ओढ्याकडून त्यात उतरणारी जुनी वाट साफ झाली. तात्यासाहेब काठावर उभं राहून असं बघत होते जणू त्यांचीच दाढ काढताहेत. भर म्हणून त्यांना टँकरही आणावा लागला, कारण कोरड्या घरात कोण मुलगी देणार?

लग्नाच्या आदल्या दिवशी कडुबा एसटीनं आला. झाकणाला भोकं पाडलेल्या दुधाच्या किटलीत नवरदेव होता, हिरवा आणि दांडगा. सिल्लोडच्या पुढं त्यानं गाडीत असा सूर लावला की कंडक्टर म्हणाला, "मोबाइल बंद करा हो मामा, नाय तर कानात घाला ते." कडुबानं किटली कानाला लावली आणि सगळ्या प्रवाशांसमक्ष म्हणाला, "हॅलो, पोचलो का फोन करतो."

खड्ड्याच्या काठी मांडव पडला. पाचोडहून बद्रीनाथ भटजी आले. नवरा-नवरी पाण्याच्या दोन परातींत, वर जाळी. हिरवं लुगडं नेसलेली सारजाबाई मांडवभर फिरत होती. तिनं विहिणीच्या साखरेला नावं ठेवली, पान वेळेवर आलं नाही म्हणून घटकाभर रुसली, आणि यमुनाबाईनं तिची समजूतही काढली. दोघींना इतकं सुख बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

अंतरपाट धरला. भटजी 'सावधान' म्हणायला तोंड उघडतात, तोच नवरीनं गळा फुगवला आणि मांडव दणाणेल अशी हाळी दिली. डरांव! डरांव!

विश्वजीतनं लगेच मोबाइल काढला. तो आठवडाभर बेडकांचंच वाचत होता. "थांबा! बेडकी ओरडत नसती! नरच ओरडतो! ही नवरी नाय, नवरा हाय! फसवलं आपल्याला!"

अंतरपाट अर्धा खाली आला. हजारभर लग्नं जुळवलेल्या यमुनाबाईचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. डबक्यातलं जे हाताला लागलं ते तिनं नवरी म्हणून दिलं होतं, आणि अंगठ्याएवढ्या तोंडाकडं बघून तिला ते काय कळणार? तात्यासाहेबांच्या कानशिलांवर रक्त चढलं. सोयरीक मोडायला, खड्डा परत बुजवायला आणि चार गोष्टी सुनवायला त्यांना यापेक्षा चांगलं कारण कुठलं मिळणार होतं? ते उठले.

पण त्यांच्या आधी सारजाबाईचं तोंड चाललं.

"का रं इश्वजीत, बाईनं भर मांडवात तोंड उघाडलं की ती लगीच गडी झाली व्हय? मंग मी कोण रं तुझी?"

आधी बायांचा घोळका हसत सुटला. मग म्हातारे. बद्रीनाथ भटजींना खोकला आला तो थांबेना. कुणीतरी ओरडलं, "तात्यासाहेब, सांगा की, घरात ओरडतं कोण!" तात्यासाहेब उभे होते ते बसले. भटजींनी तेवढ्यात घाईघाईनं 'शुभमंगल सावधान' म्हणून टाकलं. अक्षता पडल्या, जाळी हलली. नवरदेवानं उडी मारली ती थेट वरबापाच्या फेट्यात, आणि तिथून खड्ड्यात. नवरीही त्याच्या मागोमाग गेली. मग पंगत बसली.

पाऊस काही त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टँकरचं पाणी बघता बघता मातीत गेलं आणि जोडपं नाहीसं झालं.

"मुरलं! सगळं मुरलं!" तात्यासाहेब बोंबलले. "आन् सून कुठंय?"

"मुरायलाच काढलाय खड्डा. आन् सून मांडवपरतणीला माहेरी गेली असंल," सारजाबाई म्हणाली. मनातून ती मात्र धास्तावली होती. रोज सकाळी उठून ती आधी कोरडा खड्डा बघायची आणि मग आभाळ.

पाऊस आला तो पोळ्याच्या आसपास, हल्ली येतो तसाच. एका दुपारी सगळा ओतला. आजूबाजूच्या रानांतली माती ओढ्यातून वाहत गेली. ओढ्याचं पाणी जुन्या वाटेनं आत वळलं, खड्डा काठोकाठ भरला आणि चार दिवस दमानं मुरत राहिला. पाऊस पडला त्याच संध्याकाळी काठावर बेडकं जमली. नवरा-नवरी होती का दुसरीच कुणी, ते कुणीच बघितलं नाही.

पाऊस लग्नानंच आला, असं तात्यासाहेब पाचोडच्या बाजारात सांगत फिरले. उरलेली मोसंबी झाडावर टिकली. संक्रांतीनंतर बागेला पाणी देऊन बहार धरायची वेळ आली, तेव्हा शेजारचे टँकरची वाट बघत होते आणि तात्यासाहेबांच्या विहिरीत मोटार बुडेल एवढं पाणी होतं. त्यांनी खड्ड्याचं नाव घेतलं नाही. सारजाबाईनंही घेतलं नाही. फक्त विश्वजीतनं बांधावर फवारणीचा पंप नेला, तेव्हा तात्यासाहेबच त्याच्यावर खेकसले, "अक्कल हाय का? सोयरे हायेत तिथं."

पुढच्या उन्हाळ्यात गावातले आणखी तिघं नारळ घेऊन यमुनाबाईच्या दारात आले. त्यांनाही सून पाहिजे होती. ती चष्मा पुसून म्हणाली, मुलींना तोटा नाही, घरं दाखवा. घरं बघायला ती छत्री घेऊन निघाली, आणि अनुभवी व्याही म्हणून बरोबर तात्यासाहेब. "कागदावर पोर नांदत नसती," ते लोकांना ऐटीत सांगत होते. त्यांच्या मागून चालणाऱ्या सारजाबाईला पदर तोंडात कोंबून घ्यावा लागला.

पावसाळा लागला तसा तात्यासाहेबांच्या घराशेजारी खड्ड्यावर रोज रात्री बारीक-मोठ्या आवाजांची, भजनाची झडावी तशी बारी झडायला लागली. एका सकाळी ते तांबारलेल्या डोळ्यांनी चुलीपाशी येऊन बसले.

"डोळ्याला डोळा लागू देत नायत. इश्वजीतकडं असंल की काही औषध."

सारजाबाईनं तव्यावरची भाकरी काढून त्यांच्या ताटात टाकली. शेजारी खड्ड्याच्या काठच्या अळूचं फदफदं वाढलं, वरून लसणाची फोडणी ओतली.

"बघा मंग. सोयरं हाकलायचं का जेवायचं?"

तात्यासाहेबांनी आधी जेवून घेतलं.